पेला निराळा, मदिरा तीच?

गेल्या भाऊबीजेची संध्याकाळ. आमच्या नगरच्या घरी फराळाची ताटे मांडली होती. बहीण ओवाळण्यासाठी पुण्याहून आलेली, बरोबर तिचा मुलगा. चकली मोडता मोडता तो म्हणाला, "मामा, वाइन ही काही दारू नव्हे. द्राक्षाचाच रस तो! हृदयाला चांगली असते म्हणतात." हे ऐकून माजघरातून आमच्या मातोश्रींचा आवाज आला, "द्राक्षाची असो नाहीतर गुळाची. पिणारा घरी कसा येतो तेवढं सांग!" सगळे हसले, लाडवांचा डबा पुढे सरकला आणि विषय तेथेच राहिला.

माझ्या मनातून मात्र तो गेला नाही. नातवाचा प्रश्न रसायनशास्त्राचा होता, आजीचे उत्तर संसाराचे होते. दोन्ही आपापल्या जागी खरी वाटतात. मग सगळी मद्ये सारखीच घातक म्हणावयाची, की त्यांत डावेउजवे आहे? विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की, या प्रश्नाचा झाडा आमच्या नगर जिल्ह्याच्या इतिहासात जितका सापडतो तितका क्वचितच कोठे सापडेल. २०२४ साली या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. परंतु ही कहाणी त्याच्या जुन्या नावाच्या काळापासूनची आहे.

प्रश्न तर त्याहूनही जुना. मनुस्मृतीत सुरेचे तीन प्रकार सांगितले आहेत: गुळाची गौडी, पिठाची पैष्टी आणि मोहाच्या फुलांची किंवा मधाची माध्वी. हे तीन प्रकार सांगून स्मृतिकार लगेच म्हणतो की, जशी एक तशाच साऱ्या. त्याचा निषेध वरच्या वर्णापुरताच होता, ही गोष्ट वेगळी. पण ज्या अर्थी ‘साऱ्या सारख्या’ असे मुद्दाम सांगावे लागले, त्या अर्थी ‘पिठाची वाईट, मधाची चालेल’ असे म्हणणारे भाचे त्या काळीही असले पाहिजेत! चरकसंहितेने मात्र वैद्याला शोभेल अशी वाट धरली. मदात्ययावर तीत एक स्वतंत्र अध्याय आहे; आणि कोण पितो, किती पितो, कशाबरोबर पितो, कोणत्या प्रकृतीचा माणूस पितो, याकडे तिचे लक्ष अधिक आहे. धर्मशास्त्राने पदार्थाकडे पाहिले, वैद्यकाने माणसाकडे पाहिले. पुढची चारशे वर्षे हाच वाद निरनिराळ्या वेशांत चालू राहिलेला आपल्याला दिसेल.

आता नगरच्या भुईकोट किल्ल्याकडे येऊ. १५९५ च्या अखेरीस अकबराचा पुत्र शाहजादा मुराद याने या किल्ल्याला वेढा घातला. तटाला भगदाड पडले असता चांदबीबीने रातोरात ते बुजवून किल्ला राखला, ही कथा नगरच्या लहान मुलालाही ठाऊक असते. दिवाळीत मातीचे किल्ले करणारी पोरे अजूनही एखादे मावळ्याचे चित्र तिच्या नावाने तटावर उभे करतात. पण त्या मुरादचे पुढे काय झाले, हे फारसे कोणी सांगत नाही. १५९९ साली, तिशी गाठण्यापूर्वीच, दख्खनच्या छावणीत अतिमद्यपानाने तो मेला.

त्याच्या जागी धाकटा भाऊ दानियाल आला. १६०० साली चांदबीबी आपल्याच माणसांच्या हातून मारली गेली आणि ऑगस्ट महिन्यात किल्ला मोगलांना मिळाला. विजयी वीर म्हणून दानियालची दख्खनच्या सुभ्यावर स्थापना झाली. आणि १६०५ साली बुऱ्हाणपुरास, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, तोही दारूनेच गेला. पुढे जहांगिराने आपला पुत्र परवेझ याला निजामशाहीवरील मोहिमेसाठी दख्खनेत पाठविले. मलिक अंबरापुढे त्याची मात्रा चालली नाही ती नाहीच, आणि १६२६ साली बुऱ्हाणपुरासच मद्यातिरेकाने त्याचाही शेवट झाला. नगर घेण्यासाठी म्हणून दक्षिणेत उतरलेले तीन शाहजादे; तिघांनाही निजामशाहीच्या तोफांनी मारले नाही, मारले ते सुरईने.

यांतील दानियालची हकीकत मोठी बोलकी आहे. ती त्याच्या सावत्र भावाने, म्हणजे जहांगिराने, आपल्या आत्मवृत्तात नोंदवून ठेवली आहे. बापाच्या कानांवर पोराचे व्यसन गेले तेव्हा अकबराने सक्त बंदी केली. दानियालचा सासरा खानखानान अब्दुर्रहीम, म्हणजे ज्याचे दोहे आपण शाळेत पाठ केले तोच रहीम. त्याने जावयाभोवती पहारे बसविले. तेव्हा दानियालने एका विश्वासू बंदूकधाऱ्याला गळ घातली. दानियालची एक आवडती शिकारी बंदूक होती. तिचे नावही ‘जनाजा’ या शब्दावरून ठेवलेले. तिच्या नळीत दोनदा गाळलेली कडक दारू भरून ती आत आणण्यात आली. नळीतला गंज आणि बंदुकीच्या दारूचा अंश त्या कडक अर्कात उतरला. शाहजाद्याने ती प्यायली आणि तो अंथरुणास खिळला तो उठलाच नाही.

वाचकहो, या एका प्रसंगात आपल्या विषयाची दोन्ही अंगे आली आहेत. एक विष दारूचे स्वतःचे. ते दानियालला वर्षानुवर्षे पोखरीत होते. दुसरे विष दारूत बाहेरून मिसळलेले. त्याने शेवटचा घाव घातला. ही दोन विषे वेगवेगळी ओळखल्याखेरीज ‘सगळी दारू सारखी का?’ या प्रश्नाचे सरळ उत्तर देता येत नाही.

आणि खुद्द जहांगिराचे काय? त्याने आपल्या व्यसनाची कथा इतक्या मोकळेपणाने लिहिली आहे की, आजच्या एखाद्या डॉक्टरने ती रुग्णाचा इतिहास म्हणून वाचावी. तरुणपणी शिकारीच्या दगदगीनंतर कोणीतरी सुचविले म्हणून त्याने पेला दीड पेला गोड, पिवळसर द्राक्षासव घेतले. ते आवडले. मग रोज. काही काळाने द्राक्षासवाचा अंमलच चढेना. तेव्हा तो गाळीव अर्काकडे वळला. नऊ वर्षांत मजल गेली दिवसाकाठी वीस पेल्यांवर. तेही ‘दोआतिशा’, म्हणजे दोनदा विस्तवावर चढवून गाळलेल्या दारूच्या. चौदा दिवसा आणि उरलेले रात्री. हात असे थरथरू लागले की, पेला दुसऱ्याने ओठाशी धरावा लागे. हकीम हुमाम याने स्पष्ट सांगितले की, असेच चालले तर सहा महिन्यांत उपाय उरणार नाही. मग जहांगिराने अर्कात दुप्पट द्राक्षासव मिसळावयास आणि पेले कमी करावयास आरंभ केला, आणि काही वर्षांत तो सहा पेल्यांवर आला. गंमत अशी की, गादीवर बसताच काढलेल्या बारा फर्मानांत याच बादशहाने मद्य करण्याविकण्यास मनाई केली होती, आणि त्याच जागी आपण स्वतः अठराव्या वर्षापासून पीत आहोत हेही कबूल केले होते!

जहांगिराच्या कथेत आमच्या भाच्याच्या बाजूने एक गोष्ट आहे: द्राक्षासव सौम्य असते हे खरे. आंबवणारे जे सूक्ष्म जीव असतात, ते मद्यार्काचे प्रमाण शेकडा १४-१५ च्या आसपास गेले की, सामान्यतः स्वतःच त्यात गुदमरतात. म्हणून आंबवलेले पेय एका मर्यादेपलीकडे कडक होत नाही. विस्तवावर गाळून मात्र माणसाने ही निसर्गाची वेस ओलांडली. परंतु त्याच कथेत मातोश्रींच्या बाजूनेही एक गोष्ट आहे: वीस पेल्यांचा रस्ता त्या गोड, पिवळ्या, निरुपद्रवी पेल्यापासूनच सुरू झाला होता.

मोगल गेले, पेशवाई गेली, इंग्रज आले. त्यांनी १८७८ साली मुंबई इलाख्यासाठी अबकारी कायदा केला. गावोगावच्या भट्ट्यांवर बंधने आली आणि दारू ही सरकारी उत्पन्नाची मोठी बाब झाली. ‘देशी’ आणि ‘विलायती’ हा भेद आपल्या डोक्यात पक्का बसला तो या अबकारी खात्याच्या कृपेने. हा भेद जकातीचा होता, प्रतिष्ठेचा होता. शरीराला होणाऱ्या अपायाचा नव्हता. टिळकांनी १९०८ साली पुण्यात दारूच्या गुत्त्यांवर निरोधन करविले, तेव्हा सरकारला रुखरुख लागली ती महसुलाचीच.

नगर जिल्ह्यात तर या भेदाचे बिंग फारच लवकर फुटावयास हवे होते. प्रवरेच्या पाटाचे पाणी आले, ऊस आला आणि त्यामागून कारखाने आले. हरेगावचा बेलापूर कंपनीचा कारखाना. १९३३ साली महादेव दहाणूकर यांनी स्थापन केलेल्या कंपनीचा श्रीरामपूरजवळचा टिळकनगरचा कारखाना. आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने उभा राहून १९५० साली गाळपास लागलेला प्रवरेचा सहकारी कारखाना. उसाची साखर काढून घेतली की, काळी, चिकट मळी उरते. एक टन मळीपासून सुमारे सव्वादोनशे ते अडीचशे लिटर मद्यार्क निघतो. त्याचा औषधांना उपयोग, रसायनांना उपयोग, आता पेट्रोलात मिसळण्यासही उपयोग. आणि अर्थात पिण्यासही. आपल्याकडील देशी दारू या मळीच्या मद्यार्कापासून होते. आणि ऐटबाज बाटलीतली, इंग्रजी नावाची पुष्कळशी ‘विदेशी’ व्हिस्की आणि ब्रँडीसुद्धा, रंग आणि वास वेगळा घालून, त्याच मद्यार्कापासून होते. युरोपात धान्यावाचून केलेल्या अशा पेयाला व्हिस्की म्हणू देत नाहीत. एकीला गुत्त्याची पायरी मिळाली, दुसरीला क्लबाचा गालिचा मिळाला. पण माहेर दोघींचे एकच, उसाचा मळा!

स्वातंत्र्यानंतर एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी झाली. हेतू निःसंशय उदात्त होता. परंतु दानियालभोवती पहारा बसला तेव्हा जे घडले, तेच राज्यभर घडले. बंदुकीच्या नळीची जागा मोटारीच्या रबरी ट्यूबने घेतली. ज्याच्या खिशात पैसा आणि हातात डॉक्टरची चिठ्ठी, त्याला परवान्यावर विलायती मिळे. गरिबाच्या वाट्याला काळा गूळ, नवसागर आणि बाभळीची साल कुजवून ओढ्याकाठी गाळलेली हातभट्टी आली. काही जण तर टिंक्चर आणि फ्रेंच पॉलिशपर्यंत पोचले. १९६३-६४ च्या सुमारास सरकारने बंदी सैल केली आणि पुढे १९७३ साली देशी दारूचे नियम करून तिची रीतसर दुकाने निघाली.

येथे त्या दुसऱ्या विषाचा, म्हणजे भेसळीचा, हिशेब पुरा केला पाहिजे. पिण्याच्या दारूतला मद्यार्क तो इथिल अल्कोहोल. त्याचा एक दिसावयास आणि वासास तसाच भाऊ आहे, मिथिल अल्कोहोल. कारखान्यांत तो रंग-रोगणासाठी वापरतात, आणि तो स्वस्त पडतो. पोटात गेल्यावर यकृत त्याचे फॉर्मिक आम्ल करते. त्याने डोळ्यांची नस जळते. दोन चमचे शुद्ध मिथिल अल्कोहोलही दृष्टी घालविण्यास पुरेसे होऊ शकते. विक्रोळीस २००४ साली आणि मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये हेच घडले. मालवणीत शंभराहून अधिक माणसे गेली. आणि आमच्या जिल्ह्यावरही ती काळरात्र आली. २०१७ च्या फेब्रुवारीत, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या धामधुमीत, नगर तालुक्यातील पांगरमल येथे मतदारांसाठी झालेल्या पार्टीत विषारी दारू वाटली गेली आणि गावातल्या अनेक घरांतला कर्ता पुरुष गेला. तपासाचा माग निघाला तो नगर शहरातल्या एका सरकारी इस्पितळाच्या आवारातील उपाहारगृहापर्यंत! फुकटची बाटली, ओळखीचा हात, निवडणुकीचा उत्साह. दानियालनेही बंदूक आणणाऱ्यावर विश्वासच टाकला होता.

तेव्हा सगळी दारू सारखी नाही, हे प्रथम मान्य करू. चोरटी दारू एका रात्रीत मारू शकते. शिक्क्याची दारू सहसा तसे करीत नाही. पण याचा अर्थ शिक्क्याची दारू निरुपद्रवी असा नव्हे. ती बिनघाईची आहे, इतकाच.

आता शिक्क्याच्या दारूतले डावेउजवे पाहू, आणि थोडे गणित करू. दिवाळीत जमाखर्चाच्या वह्यांची पूजा होतेच! साधी बिअर शेकडा ५ मद्यार्काची धरली, तर ६५० मिलिलिटरच्या मोठ्या बाटलीत साडेबत्तीस मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. ‘स्ट्राँग’ म्हणून मिळणारी बिअर शेकडा ८ ची असली, तर एका बाटलीत तो ५२ मिलिलिटर भरतो. व्हिस्की किंवा रम आपल्याकडे शेकडा ४२.८ ची असते. तिच्या ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगात सुमारे २६ मिलिलिटर येतो. वाइन शेकडा १२ ची धरली, तर १५० मिलिलिटरच्या पेल्यात १८ मिलिलिटर, आणि सबंध बाटलीत ९० मिलिलिटर. म्हणजे ‘आम्ही आपली नुसती बिअर घेतो’ असे म्हणणारा स्ट्राँग बिअरची एक बाटली संपवितो, तेव्हा तो व्हिस्कीचे दोन मोठे पेग घेऊन उठलेला असतो. आणि वाइनच्या एका बाटलीत व्हिस्कीच्या १८० मिलिलिटरच्या क्वार्टरपेक्षा अधिक मद्यार्क असतो.

यकृताला बाटलीवरचे लेबल वाचता येत नाही. त्याच्याकडे येतो तो मद्यार्क. त्याचे ते प्रथम ॲसिटाल्डिहाइड करते, आणि हे द्रव्य पेशींना अपाय करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९८८ सालीच मद्याची गणना कर्करोग निश्चित घडविणाऱ्या द्रव्यांत केली. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन, इतक्या ठिकाणच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. मग ते मद्य द्राक्षाचे असो, जवाचे असो की मळीचे. तांबड्या वाइनने हृदय सुधारते ही कल्पना १९९० नंतर फार पसरली. पुढे ध्यानात आले की, अशा पुष्कळ पाहण्यांत ‘न पिणारे’ म्हणून जे धरले त्यांत आजारपणामुळे पिणे सोडलेली माणसेही होती. त्यांच्याशी तुलना केल्यावर थोडे पिणारे ठणठणीत दिसणारच. जानेवारी २०२३ मध्ये त्याच आरोग्य संघटनेने निःसंदिग्ध सांगितले की, मद्याचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही.

तात्पर्य काय? दारू थेंबाला थेंब सारखी आहे, घोटाला घोट सारखी नाही. कडक दारूचा घोट लवकर चढतो, रिकाम्या पोटी अधिक दाह करतो, आणि अतिरेक हा हा म्हणता होतो. हा फरक खरा आहे. महाराष्ट्राचा कायदाही तो मानतो: सौम्य बिअर आणि वाइन एकविसाव्या वर्षापासून, कडक दारू पंचविसाव्या वर्षापासून. पण हा फरक पेल्याचा आहे. पेले वाढले की तो पुसला जातो, आणि पेले वाढविणे हाच तर दारूचा मुख्य गुण आहे.

हा वाद आमच्या जिल्ह्यात अगदी अलीकडे पुन्हा पेटला. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला. द्राक्ष बागायतदाराचे हित हे त्याचे कारण सांगितले गेले, आणि वाइन म्हणजे दारू नव्हे असा युक्तिवादही झाला. त्यावर पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. ग्रामसभा भरली, सरकारने लोकांच्या हरकती मागविण्याचे ठरविले आणि उपोषण स्थगित झाले. बागायतदाराची अडचण खोटी नव्हती. भाव पडले की द्राक्षे वेलीवरच सडतात. तरी राळेगणनेच हा विषय का उचलावा? १९७५ साली अण्णा सैन्यातून परतले तेव्हा त्या दुष्काळी गावात तीसहून अधिक भट्ट्या चालत, आणि गावाच्या देवळाचे लाकूडसुद्धा भट्टीत जळून गेले होते. ते देऊळ पुन्हा बांधता बांधता गावाने भट्ट्या बंद केल्या. पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारण्याची जी रीत तेथे चालली, ती पुष्कळांना पटली नाही. मलाही पटत नाही. परंतु पाणी, झाडे आणि दारूबंदी या तिन्हींचा संबंध त्या गावाने ओळखला. पुढे १९८९ नंतर पोपटराव पवारांच्या हिवरेबाजारानेही तोच मार्ग धरला. तेथील बावीस दारूचे अड्डे बंद झाले. दोन्ही गावांत एक गोष्ट समान होती: पहारा वरून बसला नव्हता, गावाने स्वतः बसविला होता. अकबराला जे साधले नाही ते येथे साधले, याचे कारण मला यात दिसते.

आता तर राज्यात कायद्याने बायकांच्या हाती मतपत्रिका दिली आहे. गावातले दारूचे दुकान नको असेल तर स्त्रियांचे मतदान होते. एका खुणेत बाटली उभी असते, दुसरीत आडवी. उभी म्हणजे दुकान राहावे, आडवी म्हणजे बंद व्हावे. ती बाटली देशीची, विदेशीची की बिअरची, याची चर्चा ओट्यावर बसलेले पुरुष खुशाल करोत. रांगेत उभ्या असलेल्या बाईला तो प्रश्न पडत नाही. तिला रात्री घरी काय येते ते ठाऊक असते.

तर भाचेबुवा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. तुमची वाइन हातभट्टीहून निर्धोक आहे, यात शंका नाही. व्हिस्कीहून सौम्य आहे, हेही खरे. पण ती दारू नव्हे, असे मात्र म्हणू नका. जहांगीर बादशहाही पहिल्या दिवशी तसेच समजला होता. त्याच्यापाशी सांगावयास हकीम हुमाम होता आणि ऐकण्याइतकी बुद्धी शिल्लक होती, म्हणून तो आणखी काही वर्षे जगला. त्याच्या दोन्ही भावांना आणि एका मुलाला तेवढी सवड मिळाली नाही.

यंदाच्या भाऊबीजेलाही बहीण येणार आहे. मातोश्रींनी चकलीची भाजणी आतापासूनच दळून आणविली आहे. आणि भाचा येताना काय आणतो, याची त्या आमच्याकडे अधूनमधून चौकशी करीत असतात.